ठिणगी पुढं घ्या

लग्नानंतर आमचं पहिलं मोठं भांडण झालं ते 'पुढं' या शब्दावरून, आणि तेही भर मैदानात, मायकवाल्याच्या साक्षीनं. नवऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट, माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर आणि दोरीपलीकडची माणसं पोट धरून हसत होती. आजही आमच्या घरात कुणी 'जरा पुढं घे' म्हणालं की दुसरा लगेच विचारतो, 'म्हणजे आधी का नंतर?' नव्या माणसाला वाटतं, यांच्या डोक्यात काहीतरी कमी आहे. म्हणून एकदा सगळं सांगूनच टाकते.

गोष्ट नव्वदीच्या दशकाच्या मध्यातली. माझं माहेर जयसिंगपूरचं. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, तिथं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. आजूबाजूला ऊस, त्यामुळं विहिरींवर आणि नदीवर मोटरी ढिगानं. मोटर जळली की सायकलच्या कॅरिअरला बांधून ती आमच्या दारात यायची. जळकी तार काढायची, नवी तांब्याची तार मोजून गुंडाळायची, खाचांत बसवायची, वरून वार्निश पाजायचं. याला आमच्याकडं 'मोटर भरणं' म्हणतात. शाळेतून आले की मी दप्तर टाकून कॉइल गुंडाळायच्या मशीनवर बसायची. हातानं फिरवायचं लहानसं मशीन होतं ते. बोटांमधून तार सरकताना ती सैल पडली का, कुठं खरवडली का, हे बोटांना आपोआप कळायचं. बोटं कापायचीही. हळद दाबायची आणि पुढचा वेढा घ्यायचा.

पण मला ते काम मनापासून आवडायचं. मेलेली मोटर घरघर करत उठायची, ते बघायला फार मजा यायची. शिवाय कॉइल भरताना माझ्याशी बोलायला कुणी यायचं नाही, वेढे चुकतील म्हणून. भरल्या घरातल्या पोरीला एवढा निवांतपणा दुसरीकडं कुठं मिळणार?

मग लग्न ठरलं. मुलगा कोल्हापूरचा, शिरोली एमआयडीसीत एका कारखान्यात लेथवर टर्नर. ठरलेली तारीख एकदा पुढं गेली, त्यांच्या चुलत्यांचं ऑपरेशन निघालं म्हणून. ही तारीख पुढं गेल्याची गोष्ट लक्षात ठेवा, लागणार आहे.

सासरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी सासूबाईंना विचारलं. त्यांना मी आत्ती म्हणायची. म्हटलं, "आत्ती, माझं वाइंडिंगचं मशीन जयसिंगपूरला पडून हाय. आणू का? दुपारचं बसून घरातच काम करीन."

आत्ती भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "या घरात तार यायची न्हाय. आत्ताच सांगून ठिवते."

कारण नाही, समजूत नाही, काही नाही. मी समजायचं ते समजले. सुनेनं काळ्या हातांनी मोटरी भरलेल्या यांना चालत नाहीत, गल्लीत नाक खाली जातं, दुसरं काय! मला राग आला की मी भांडी जरा जोरात घासते. त्या वर्षी आमच्या घरातली भांडी गल्लीत सगळ्यात लखलखीत होती. बरं, बाई एरवी वाईट असती तर सोपं गेलं असतं. पण आत्ती मला आग्रह करकरून जेवायला घालायच्या, मला कुणी उणा शब्द बोललं तर पदर खोचून त्याच्या दारात जायच्या. आणि एवढ्या एका गोष्टीत मात्र दगड.

नवऱ्याला तारेचं काही नव्हतं, त्यांचं सगळं लक्ष गाडीवर. जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल घेऊन तिचे मडगार्ड काढलेले, दिवा काढलेला, सायलेन्सर वर वळवलेला, चाकांना गाठीगाठींचे टायर. रस्त्यावर ती चालायचीच नाही म्हटलं तरी चालेल, ती चिखलाच्या शर्यतीसाठी होती. त्या काळात कोल्हापूरच्या आसपास कुठल्या ना कुठल्या माळावर ट्रॅक्टर फिरवून, टँकरनं पाणी मारून अशा शर्यती व्हायच्या. आमचे हे प्रत्येक शर्यतीत झोकात सुटायचे आणि एकही पुरी करायचे नाहीत. चार-सहा फेऱ्या झाल्या की गाडी बंद. गाडी ढकलत घरी यायचं, अंगावर चिखल, आणि तोंडात दर वेळी नवं कारण. पेट्रोलात पाणी होतं, प्लग वाईट होता, कार्बोरेटरमध्ये कचरा गेला.

एकदा असेच आले आणि दारात बसले. मी पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, "आता गार झालीय. किक मारून बघा."

एका किकेत सुरू.

"आणि तापली की परत बंद?"

"व्हय की. दर टायमाला."

"मग ते पेट्रोल न्हाय आणि कचरा न्हाय. कॉइल गेलीय. तापली की आतल्या आत शॉर्ट होती आणि ठिणगी जाती. मोटरी बी आसंच करत्यात."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू तांब्यातनं कुणीतरी बोललं. मग चाकासारखे गरगर फिरत पाने शोधायला लागले. इंजिनाच्या बाजूचं झाकण काढलं, मॅग्नेट ओढून काढला. आत ताटलीएवढी प्लेट आणि तिच्यावर कॉइल बसवलेली. पुस्तकी भाषेत हा स्टेटर. आमच्या दुकानात स्टेटर म्हणजे दोन माणसांनी उचलायचं धूड. हे पोर बघून मला हसूच आलं. कॉइलवरचं कापड करपून काळं झालेलं होतं, आणि त्याचा वास आला तशी मी एकदम अण्णांच्या दुकानात जाऊन पोचले. जळक्या वार्निशच्या वासानं कुणाला माहेर आठवत असेल, तर ती मीच.

त्या मॉडेलची नवी प्लेट बाजारात मिळायची बंद झाली होती. हे शहरातले सगळे वाइंडिंगवाले फिरून आले. पंपांच्या मोटरींचा हंगाम, प्रत्येकाच्या दारात रांग. एकानं प्लेट हातात घेऊन विचारलं म्हणे, "पावणं, ही बांगडी कुठनं आणलीसा?" येत्या रविवारी शर्यत होती, नाव दिलेलं होतं. रात्री जेवायला बसले तर घास तोंडाशी जाईना.

मी म्हणाले, "मी भरते."

आत्तींचा हात ताटात थांबला. "सांगितलंय न्हवं मी?"

"आये, एकडाव," हे म्हणाले. "एकडाव भरू दे."

तिथं मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण माझं तोंड माझ्या हातात कधीच नव्हतं. मी म्हणाले, "एकडाव कशापायी? माझ्या कॉइलवर गाडीनं शर्यत पुरी केली, तर माझं मशीन या घरात येणार. न्हाय केली, तर मी पुन्यांदा तारेचं नाव काढणार न्हाय. बोला."

हे माझ्याकडं बघतायत, आत्ती ह्यांच्याकडं बघतायत. बराच वेळ घास चावून आत्ती म्हणाल्या, "आधी गाडी पळू दे. पुढचं पुढं बघू."

आमच्या घरात 'पुढचं पुढं बघू' म्हणजे नाही असं नव्हे. तेवढ्यावर मी कामाला लागले. नवऱ्याला शर्यत पुरी करायची होती, मला माझं काम परत पाहिजे होतं, आणि दोन्ही त्या बांगडीएवढ्या लोखंडाला बांधलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी एसटीडी बूथवरून अण्णांना फोन करून कुठल्या जाडीची तार पाहिजे ते सांगितलं. त्यांनी संध्याकाळच्या एसटीच्या ड्रायव्हरकडं वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवून दिली. कोण भरणार हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

तार आली, पण गुंडाळायला मशीन कुठं होतं? कॉइल हातानं गुंडाळली तर वेढे एकावर एक चढतात आणि परत शॉर्ट व्हायची भीती. घरात फिरणारी एकच वस्तू होती, आत्तींची शिलाई मशीन. ती त्यांच्या माहेरची. तिला हात लावायची कुणाची टाप नव्हती, सुया सुद्धा त्या मोजून ठेवायच्या. ह्यांनी लेथवर एक लाकडी गट्टू काढून आणला, एका बाजूनं मशीनच्या चाकावर बसणारा आणि दुसऱ्या बाजूला कॉइलचा लोखंडी कोर घट्ट धरणारा. ते बघून आत्ती कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मला वाटलं, संपलं. तर त्या म्हणाल्या, "सरक तिकडं. माजी मशीन हाय, मीच फिरवणार."

अशी आमची जोडी जमली. त्या चाक फिरवायच्या, मी तार धरायची. मोजायला काटा नव्हता. जुनी कॉइल उलगडताना मी वेढे मोजले होते आणि नवीत तेवढेच भरायचे होते. त्यावर आत्तींनीच तोड काढली. फिरवता फिरवता त्या मनात मोजायच्या आणि शंभर झाले की परातीत एक चिंचोका टाकायच्या. चिंचोक्याचा टप्प आवाज आला की माझ्या जिवात जीव यायचा. बोटांमधून तार सरकायला लागली आणि खरं सांगते, मला भरून आलं. वर्षभरानं बोटांना कुणीतरी ओळखीचं भेटलं होतं.

मध्येच शेजारीण विरजण मागायला आली. आत्ती म्हणजे बोलण्यात कुणाला हार न जाणारी बाई. पण मोजणी चालू होती, म्हणून त्यांनी नुसता हात वर केला आणि ओठ मिटूनच ठेवले. शेजारणीनं माझ्याकडं बघितलं, माझेही ओठ मिटलेले. ती पाय न वाजवता परत गेली. दुसऱ्या दिवशी अख्ख्या गल्लीत बातमी, की सासू-सुनांनी मौनाचं व्रत धरलंय आणि घरात मोठी शांती आहे.

कॉइलवर कापडी पट्टी गुंडाळली, वार्निश पाजलं. वाळवायला आमच्या दुकानात भट्टी होती. इथं मी तेलाच्या रिकाम्या डब्यात मोठा बल्ब लावून प्लेट आत ठेवली आणि वर झाकण. रात्रभर डबा मंद तापत राहिला. सकाळी वार्निश नखानं ओरखडत नव्हतं. आत्तींनी येऊन डबा हुंगला आणि नाक मुरडलं. पण डबा कुठं ठेवू हे विचारल्यावर 'राहू दे तिथंच' म्हणाल्या.

आता राहिलं टायमिंग. नंतर सगळ्याच गाड्यांना इलेक्ट्रॉनिक डबी आली आणि हा सगळा खेळ संपला, म्हणून थोडं सांगते. इंजिनात पिस्टन वर येतो तेव्हा तो अगदी टोकाला पोचायच्या किंचित आधी ठिणगी पडायला पाहिजे. ठिणगी फार उशिरा पडली तर गाडी मरगळते. फार लवकर पडली तर वर येणाऱ्या पिस्टनलाच ती खाली ढकलते, आणि किक उलटी येऊन नडगी फोडते. लवकर-उशीर ठरवायचं ते कॉइलची प्लेट थोडी इकडं-तिकडं फिरवून.

प्लगच्या भोकातून सायकलच्या चाकाची तार पिस्टनवर टेकवून ह्यांनी ती धरायची. तिच्यावर कानशीनं दोन खुणा केलेल्या, एक टोकाची आणि एक ठिणगीची. मी पॉइंटमध्ये, म्हणजे जिथं संपर्क उघडला की ठिणगी पडते तिथं, पतंगाच्या कागदाचा चिटोरा धरून हलका ओढत राहायचं. कागद सुटला त्या क्षणी ठिणगी. आमच्या अंगणात एक बाई इंजिनातून पतंगाचा कागद ओढतेय आणि एक बाप्या सायकलची तार धरून 'थांब, थांब' ओरडतोय, हे बघायला पोरं कुंपणावर चढून बसली होती. ह्यांना ठिणगी जरा लवकरच आवडायची, गाडी चपळ होते म्हणून. मी नको नको म्हणत होते, पण शेवटी त्यांचं ऐकलं. प्लेट जिथं घट्ट केली तिथं मी खिळ्यानं बारीक रेघ मारून ठेवली.

रविवारी शिरोलीच्या पलीकडच्या माळावर ही गर्दी. आत्ती पहिल्यांदाच शर्यत बघायला आल्या होत्या, भाकरीचं गाठोडं घेऊन. शर्यत आहे म्हटल्यावर अण्णाही सकाळच्या एसटीनं जावयाचं कौतुक बघायला आले. दोघं व्याही-विहीण सुटायच्या रेषेच्या मागं दोरीला लागून, पोत्यावर मांडी घालून बसले. मायकवर जो होता तो एरवी कुस्त्यांच्या मैदानात बोलणारा. त्यामुळं गाड्यांनाही तो 'लाल मातीतला वाघ' वगैरे म्हणत होता.

सुटायच्या आधी ह्यांनी किक मारली आणि किक उलटी आली. नडगी धरून एका पायावर नाचायला लागले. मला लगेच कळलं. ठिणगी लवकर पडतेय, ती जरा उशिरा पाडली पाहिजे. मी दोरीच्या अलीकडून, वीस गाड्यांच्या आवाजात, छाती फुटेस्तोवर ओरडले, "अहो! ठिणगी पुढं घ्या! जरा पुढं!"

त्यांनी अंगठा वर केला. मॅग्नेटचं झाकण काढूनच ठेवलेलं होतं. मॅग्नेटला असलेल्या खिडकीतून स्क्रूड्रायव्हर घातला, प्लेट फिरवली, आवळली. तेवढ्यात शिट्टी झाली आणि सगळे रेषेवर गेले. ह्यांनी परत किक मारली. एक दणका बसला, गाडी सुरू झाली. आवाज थोडा वेगळा वाटला मला, जरा घोगरा. पण गाडी सुरू होती.

झेंडा पडला. सगळ्या गाड्या चिखल उडवत पुढं गेल्या. आणि आमची गाडी मागं आली.

खोटं नाही सांगत. टू-स्ट्रोक इंजिनात ठिणगी फार लवकर पडली तर ते उलटं फिरायला लागतं, आणि उलटं फिरणाऱ्या इंजिनाला गिअर टाकला की गाडी उलटी जाते. हे तोंड पुढं करून, हँडल घट्ट धरून, शर्यतीत उतरलेल्या माणसाच्या सगळ्या थाटात मागं मागं आले. माणसं बाजूला पळाली. ह्यांनी ब्रेक दाबला, गाडी बंद पडली, आणि मागचं चाक दोरीखालून येऊन आत्तींच्या भाकरीच्या गाठोड्यावर थांबलं.

आत्तींनी गाठोड्याकडं बघितलं, लेकाकडं बघितलं आणि हात लांब करून म्हणाल्या, "आरं बाबा, पुढं म्हंत्यात ते तिकडं हाय!"

मायकवाल्याला तर देवच पावला. "मंडळी, हिकडं बगा! सगळी गडी पुढं पळाली, ह्या पैलवानाला घरची वढ लागलीया!"

मी दोरीखालून आत घुसले. "काय केलंसा ते?"

"तूच म्हणालीस न्हवं, पुढं घ्या म्हणून? घेतली की पुढं!"

"पुढं म्हंजे उशिरा!"

"पुढं म्हंजे उशिरा? कुठल्या गावात? पुढं म्हंजे अॅडव्हान्स! आधी!"

"आपल्या लग्नाची तारीख पुढं गेली तवा लग्न आधी झालतं का नंतर?"

हेल्मेटच्या आत ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. कारखान्यातल्या मेकॅनिकांच्या भाषेत ठिणगी पुढं घेणं म्हणजे ती लवकर पाडणं. माझ्या डोक्यात पुढं म्हणजे लग्नाची तारीख पुढं जाते तसं, उशिरा. दोघंही बरोबर होतो आणि गाडी मात्र भाकरीवर उभी होती. "मला वाटलं, तुजं काय तरी गणित आसंल," हे पुटपुटले. मायकवाला म्हणाला, "नवरा-बायकोची मीटिंग चालू हाय, मंडळी, जरा दमानं घ्या."

मी ह्यांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर ओढून घेतला. खिडकीतून माझी खिळ्याची रेघ शोधली, प्लेट रेघेवर आणली आणि रेघेच्या पलीकडं केसभर उशिराकडं नेऊन आवळली. "मारा किक."

किक नीट गेली. इंजिन पेटलं आणि या वेळी आवाज खणखणीत होता. गाडी पुढं गेली, म्हणजे सगळ्या जगाला जे पुढं वाटतं त्या दिशेला. माणसांनी टाळ्या-शिट्ट्यांनी माळ डोक्यावर घेतला.

आता हसणं बाजूला राहिलं. शर्यत जिंकायचा प्रश्नच उरला नव्हता, पण जिंकायची अट कुठं होती? पुरी करायची होती. माळाच्या टोकाला एक बाभळ होती, तिथं वळण. प्रत्येक वेळी इंजिन तापलं की गाडी कुठंतरी अशाच लांबच्या वळणावर मरायची आणि हे ढकलत परत यायचे. फेऱ्या सुरू झाल्या तसं मी डोळे मिटूनच घेतले. मला दिसण्याशी काम नव्हतं, ऐकण्याशी होतं. बाभळीपाशी आवाज बारीक व्हायचा. परत मोठा व्हायचा. शेजारून टप्प असा आवाज आला म्हणून डोळे उघडले. आत्तींनी कनवटीचे चिंचोके काढले होते आणि प्रत्येक फेरीला एक पदरात टाकत होत्या.

चौथी झाली. पाचवी झाली. सहाव्या फेरीला बाभळीपाशी आवाज अडखळला. आत्तींचा हात हवेतच राहिला. मग चिखलातून चाक सुटल्यासारखा आवाज उसळला आणि हे वळणातून बाहेर आले. तो चिखलच होता, कॉइल नव्हती. तापलेलं इंजिन, तापलेली कॉइल आणि ठिणगी एकदाही चुकली नाही. बाकीच्यांनी शर्यत संपवून हेल्मेटं काढली, पाणी प्याले, आणि आमचे हे एकटेच माळावर फिरत राहिले. सगळ्यांनी त्यांची वाट बघितली. शेवटचा चिंचोका पदरात पडला आणि हे सगळ्यात शेवटी, पण रेषेवरून, सुरू गाडीनं, सरळ तोंडानं पार झाले. मी काय ओरडले ते मला आठवत नाही. आत्ती सांगतात ते इथं लिहिण्यासारखं नाही.

हे आले, चिखलानं नुसते डोळे दिसत होते. अण्णांनी त्यांची पाठ थोपटली आणि वाकून प्लेट बघितली. बोटानं कॉइलवरची पट्टी चाचपली. आमच्या दुकानात पट्टीचं टोक शेवटी तिरकं मुडपून आत घालायची पद्धत होती, दुसरीकडं कुणी तसं करत नाही. अण्णांनी ते टोक बघितलं आणि ते एकदम गंभीर झाले. आत्तींकडं वळून म्हणाले, "विहीणबाई, पोरीला तार धराय लावली व्हय तुमी?"

मला काही कळेना. आत्तींचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता, चोरी पकडल्यासारखा.

"लावली न्हाय, पावणं," त्या म्हणाल्या. "तिनंच मागितली. मी वरीसभर न्हायच म्हणत हुते की. तुमी सांगितलंतं तसं."

"काय सांगितलंतं?" मी विचारलं.

अण्णांनी प्लेटकडं तोंड वळवलं. मग आत्तीच बोलल्या. "तुजी पाठवणी करताना तुज्या बापानं माज्यापुढं हात जोडलंतं. म्हणालं, पोरीच्या बोटांच्या चिरा बगवत न्हाईत, माज्या दुकानानं तिचं हात खाल्लं. आता तुमच्या घरात तरी तिच्या हातात तार देऊ नका. मी शबूद दिलता."

म्हणजे गल्लीत नाक खाली जाण्याचा काही संबंधच नव्हता. वर्षभर मी जिच्या नावानं भांडी आपटली, ती बाई माझ्या बापाला दिलेला शब्द माझ्यासाठी पाळत होती. आणि बाप, ज्या कामासाठी मी शाळेतून पळत यायची, त्या कामाची माफी मागत फिरत होता. मला दोघांचाही भयंकर राग आला आणि त्याच क्षणी दोघांच्याही गळ्यात पडून रडावंसं वाटलं. रडलेच मी.

"अण्णा, मला ते आवडायचं," मी म्हणाले. "मला इचारलं का कुणी?"

अण्णांनी माझा हात हातात घेतला. नव्या चिरा होत्या, हळद लावलेल्या. ते बोटांवरून बोट फिरवत राहिले.

आत्तींनी पदरातले चिंचोके परत कनवटीला लावले आणि उभ्या राहिल्या. "पावणं, तुमाला दिल्याला शबूद मी वरीसभर पाळला. आता मोडते. तिचं मशीन धाडून द्या."

"पुढच्या आयतवारी आणतो," अण्णा म्हणाले.

"पुढच्या न्हाय," आत्ती म्हणाल्या. "ह्या दोघांनी 'पुढं' ह्यो शबूदच नासवलाय. कुठला वार त्यो सांगा."

मशीन मंगळवारी आलं. एसटीच्या टपावरून, अण्णांच्या जुन्या घोंगड्यात गुंडाळून. ते उलगडल्यावर आतून एक पुडकं निघालं. त्यात चामड्याच्या पाच टोप्या होत्या, बोटांत घालायच्या. अण्णांनी चपला शिवणाऱ्याकडून माझ्या बोटांच्या मापाच्या करून घेतल्या होत्या. माझ्या बोटांचं माप त्यांनी कधी घेतलं असेल, या विचारानं मी उंबऱ्यातच बसले. मैदानावर ते माझा हात धरून इतका वेळ का उभे होते, ते तेव्हा कळलं.

टोप्या घालून तार कळत नाही, म्हणून मी त्या कधीच घातल्या नाहीत. पण अण्णा घरी येणार असले की मी त्या घालून बसायची.